घाटवाट ते द्रुतगती मार्ग

प्रस्तावना

रस्ता ही आपल्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. कामावर जाण्यासाठी, बाजारहाटासाठी, आप्तेष्टांच्या भेटीसाठी आपण रोज रस्त्याचा उपयोग करतो. तो कोणी बांधला, कशासाठी बांधला, त्याचा खर्च कोणी सोसला आणि त्याने आपल्या जीवनात काय बदल घडवला, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात मुंबई आणि पुणे या दोन शहरांना जोडणाऱ्या द्रुतगती मार्गाची माहिती दिली आहे. हा मार्ग अवघा ९४.५ किलोमीटर लांबीचा असला, तरी त्याच्या मागे सुमारे दोन हजार वर्षांच्या दळणवळणाचा इतिहास उभा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण :
• बोरघाटातील दळणवळणाच्या विकासाचे टप्पे सांगू शकाल;
• सामान्य महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• द्रुतगती मार्गाचे लाभ आणि त्यातून निर्माण झालेले प्रश्न यांची तुलना करू शकाल;
• सुरक्षित प्रवासाच्या नियमांमागील कारणे समजावून देऊ शकाल.

मूळ पाठ

१. सह्याद्रीची भिंत आणि बोरघाट

महाराष्ट्राच्या नकाशाकडे पाहिले असता पश्चिमेला समुद्रालगत कोकणची चिंचोळी पट्टी आणि पूर्वेला देश म्हणजे दख्खनचे पठार असे दोन भाग दिसतात. या दोहोंच्या मध्ये सह्याद्रीची रांग एखाद्या भिंतीसारखी उभी आहे. कोकणातील खोपोली गाव समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. परंतु तेथून जवळच असलेले लोणावळा सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. थोड्या अंतरात एवढी चढण चढून जाणे हाच मुंबई-पुणे प्रवासातील खरा प्रश्न होता आणि आजही आहे. ही चढण ज्या खिंडीतून जाते, तिला बोरघाट किंवा खंडाळ्याचा घाट म्हणतात.

प्राचीन काळी कोकणच्या बंदरांत उतरलेला माल याच परिसरातील घाटवाटांनी देशावर जात असे. कार्ले आणि भाजे येथील बौद्ध लेणी या व्यापारी मार्गालगतच कोरलेली आहेत. कार्ले येथील शिलालेखांत व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आढळतात. लोहगड, विसापूर, राजमाची यांसारखे किल्लेही या वाटांवर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी पडत. सन १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोगली फौजेला अडचणीत गाठून शरण आणले, ते याच भागात. डोंगराची अरुंद वाट व्यापाऱ्याला जेवढी त्रासाची, तेवढीच ती रक्षण करणाऱ्याला सोयीची असते, हे या घटनेवरून ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या वाटांवरून गाडी चालत नसे. मीठ, धान्य, कापड असा माल बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे घाट चढत आणि उतरत. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. बैलाच्या पाठीवरचे ओझे गाडीत आले आणि मालवाहतुकीचा खर्च घटला. या रस्त्यावर पथकर आकारला जात असे, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण रस्ता वापरणाऱ्याकडूनच रस्त्याचा खर्च वसूल करण्याची कल्पना आजची नाही.

२. घाटात आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. ही आगगाडी पुण्यापर्यंत न्यायची, तर बोरघाट ओलांडणे भाग होते. १८५६ मध्ये घाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये ते पूर्ण झाले. काळ्या कातळात सुरुंग लावून बोगदे खोदण्यात आले, दऱ्यांवर दगडी पूल बांधण्यात आले. काम ऐन भरात असताना हजारो मजूर तेथे राबत होते. दोराने स्वतःला बांधून घेऊन कड्यावर लोंबकळत त्यांना पहारीने दगड फोडावा लागे. सुरुंगाच्या स्फोटांत, दरडींखाली आणि त्याहूनही अधिक पटकीसारख्या साथीच्या रोगांत असंख्य मजूर मृत्युमुखी पडले.

या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा भारतात आल्यावर अल्पावधीतच, १८५९ मध्ये मरण पावला. त्यानंतर त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडून न देता अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. तिचे नाव इतिहासात नोंदले गेले. घाटात प्राण गमावलेल्या मजुरांची नावे मात्र कोठेही आढळत नाहीत. आज घाटातून जाणाऱ्या प्रवाशाने त्यांचे स्मरण ठेवणे उचित होय.

३. जुना महामार्ग अपुरा पडू लागला

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई-पुणे रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चा भाग झाला. (महामार्गांच्या नव्या क्रमांकानुसार तो आता ४८ या क्रमांकाने ओळखला जातो.) पनवेल, खोपोली, खंडाळा, लोणावळा, कामशेत, तळेगाव अशा गावांतून हा रस्ता जातो. पिंपरी-चिंचवड परिसरात कारखानदारी वाढली, पुणे हे शिक्षणाचे आणि उद्योगाचे मोठे केंद्र बनले आणि नवी मुंबई आकारास आली. साहजिकच या रस्त्यावरील मालमोटारी, बसगाड्या व मोटारी यांची संख्या झपाट्याने वाढली.

त्याच रस्त्यावरून बैलगाड्या, सायकली आणि पादचारीही जात. घाटात एखादी मालमोटार बंद पडली, की मागे वाहनांची लांबच लांब रांग लागे. चार-पाच तासांचा प्रवास कधी कधी दुप्पट लांबे. समोरून येणाऱ्या वाहनांमध्ये दुभाजक नसल्याने समोरासमोर टक्कर होऊन भीषण अपघात घडत. रस्ता केवळ रुंद करून हा प्रश्न सुटणार नव्हता; कारण दोन्ही बाजूंना वस्ती वाढली होती. म्हणून वेगळ्या आणि सर्वस्वी नव्या मार्गाची गरज भासू लागली.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला ते वर्ष : १८०३ / १८३० / १८६३
(आ) घाटातील लोहमार्गाचे काम तडीस नेणारी व्यक्ती : जॉन माल्कम / अ‍ॅलिस ट्रेडवेल / कारतलबखान

४. नव्या मार्गाची उभारणी

१९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने नव्या मार्गाच्या शक्यतेचा अभ्यास करण्याचे काम 'राइट्स' ही सार्वजनिक क्षेत्रातील संस्था आणि एक ब्रिटिश सल्लागार संस्था यांच्याकडे सोपवले. १९९४ मध्ये या अभ्यासाचा अहवाल सादर झाला. पुढे १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९९७ मध्ये या मार्गाचे काम महामंडळाकडे देण्यात आले. मार्ग बांधावा, तो चालवावा, ठरावीक मुदतीपर्यंत पथकर घेऊन खर्च भरून काढावा आणि नंतर तो शासनाच्या स्वाधीन करावा, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. महामंडळाने रोखे विकून जनतेकडून व वित्तसंस्थांकडून भांडवल उभारले.

पर्यावरण आणि वनविषयक परवानग्या मिळाल्यानंतर १९९८ च्या आरंभी प्रत्यक्ष कामास सुरुवात झाली. वेळ वाचावा म्हणून संपूर्ण मार्गाचे निरनिराळे भाग करून ते वेगवेगळ्या कंत्राटदारांना एकाच वेळी देण्यात आले. २००० पासून तयार झालेले भाग क्रमाक्रमाने वाहतुकीस खुले झाले आणि २००२ मध्ये संपूर्ण मार्ग कार्यान्वित झाला. त्यासाठी सुमारे १,६३० कोटी रुपये खर्च आला. २००९ मध्ये या मार्गास महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले.

५. द्रुतगती मार्ग म्हणजे काय?

'द्रुत' या शब्दाचा अर्थ जलद असा आहे. तथापि, जेथे वाहने जलद धावतात तो प्रत्येक रस्ता द्रुतगती मार्ग ठरत नाही. वाहन जलद तरीही सुरक्षितपणे धावू शकेल, अशी रचना हे त्याचे खरे लक्षण होय. मुंबई-पुणे मार्ग हा देशातील पहिला सहापदरी, काँक्रीटचा द्रुतगती मार्ग म्हणून ओळखला जातो. त्याची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत :

(क) प्रवेशनियंत्रण : पनवेलजवळील कळंबोली येथे सुरू होणारा हा मार्ग पुण्याजवळील किवळे येथे संपतो. मध्ये ठरावीक ठिकाणीच त्यावर चढता किंवा त्यावरून उतरता येते. इतर रस्ते या मार्गाला छेद देत नाहीत. ते त्याच्या वरून किंवा खालून जातात. त्यामुळे येथे चौक नाहीत आणि सिग्नलही नाहीत.

(ख) दोन स्वतंत्र दिशा : जाणारी आणि येणारी वाहने दुभाजकाने वेगळी केलेली आहेत. प्रत्येक दिशेला तीन मार्गिका आहेत. डावी मार्गिका जड व संथ वाहनांसाठी, मधली मोटारींसाठी आणि उजवी केवळ पुढे जाण्यासाठी, असा संकेत आहे.

(ग) काँक्रीटचा पृष्ठभाग : डांबर उन्हाने मऊ पडते आणि कोकणातील मुसळधार पावसात लवकर उखडते. काँक्रीटचा जाड थर मालमोटारीचा भार विस्तृत क्षेत्रावर पसरवतो, त्यामुळे खालची जमीन सहसा खचत नाही. आरंभीचा खर्च अधिक असला, तरी दुरुस्तीचा खर्च कमी येतो. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे. तापलेल्या काँक्रीटवरून सतत वेगाने धावणारा टायर अधिक तापतो आणि तो झिजलेला असेल तर फुटण्याचा संभव असतो.

(घ) बोगदे : डोंगराला वळसा घालण्याऐवजी भाताण, माडप, आडोशी, खंडाळा आणि कामशेत येथे बोगदे खोदून मार्ग सरळ ठेवला आहे.

(ङ) निवडक वाहने : दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना येथे मनाई आहे. वाहनांच्या वेगांत फार मोठा फरक असला, की अपघात होतात. हे या बंदीमागील कारण आहे.

६. मार्गाने काय दिले?

या मार्गामुळे चार-पाच तासांचा प्रवास अडीच तासांच्या आसपास आला. सकाळी पुण्याहून निघून मुंबईतील काम उरकावे आणि रात्री घरी परतावे, हे शक्य झाले. राज्य परिवहन महामंडळाची 'शिवनेरी' बससेवा या मार्गामुळे लोकप्रिय झाली. चाकण, तळेगाव येथील कारखाने मुंबईच्या आणि न्हावाशेवाच्या बंदरांना अधिक जवळ आले. हिंजवडी येथील माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीसही हा मार्ग साहाय्यभूत ठरला. मावळातील भाजीपाला आणि फुले शहरांच्या बाजारात ताजी असतानाच पोहोचू लागली.

पुढील काळात देशाच्या इतर भागांतही असे मार्ग उभे राहिले. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा यमुना द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातच मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जाऊन २०२५ मध्ये पूर्ण झाला.

७. मार्गाने कोणते प्रश्न निर्माण केले?

प्रत्येक मोठ्या कामाचे मोल कोणाला तरी द्यावे लागते. ज्यांच्या शेतातून हा मार्ग गेला, त्यांना जमिनीचा मोबदला मिळाला. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन गेली. शिवारात जाण्याच्या जुन्या पायवाटा तुटल्या. पलीकडच्या शेतात जाण्यासाठी किंवा गुरे नेण्यासाठी दूरच्या भुयारी रस्त्यापर्यंत वळसा घालावा लागू लागला. मार्ग गावाच्या उशाशी असूनही सायकल किंवा दुचाकी असलेल्या गावकऱ्याला तो वापरता येत नाही. जुन्या रस्त्याच्या कडेला चहा, वडा-पाव किंवा चिक्की विकून पोट भरणाऱ्यांचे बरेच गिऱ्हाईक नव्या मार्गावरील मोठ्या उपाहारगृहांकडे वळले.

दुसरा प्रश्न पथकराचा आहे. २००४ मध्ये महामंडळाने पथकरवसुलीचे हक्क एका खासगी कंपनीस १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपयांना दिले. ही मुदत संपल्यावर वसुली थांबावी, अशी मागणी नागरिकांनी केली. परंतु वसुली पुढे चालू राहिली. पथकराचे दर ठरावीक काळाने वाढतात. २०२३ मध्ये मोटारगाडीचा एकेरी दर २७० रुपयांवरून ३२० रुपये झाला. देखभालीसाठी आणि नव्या कामांसाठी पैसा लागतो, असे एक मत आहे. बांधकामाचा खर्च वसूल झाल्यावर वापरणाऱ्यावर भार टाकू नये, असे दुसरे मत आहे. जागरूक नागरिकाने दोन्ही बाजू समजून घ्याव्यात आणि वसूल झालेल्या रकमेचा हिशेब मागावा.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न अपघातांचा आहे. मे २०१२ मध्ये खालापूरजवळ रस्त्याकडेला थांबलेल्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसगाड्यांना भरधाव वाहनाने धडक दिली आणि २७ जण मृत्युमुखी पडले. २०१५ च्या पावसाळ्यात आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी दगावले. २०१६ या एका वर्षात या मार्गावरील अपघातांत १५१ व्यक्तींचा मृत्यू झाला. मार्गाची रचना चांगली असूनही असे का घडावे? वेगमर्यादा न पाळणे, मार्गिका सोडून धावणे, थकलेल्या चालकाला डुलकी लागणे, बंद पडलेले वाहन मार्गावरच उभे करणे आणि डिझेल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. न्यूट्रलमधील जड वाहनाला इंजिनाचा अटकाव राहत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात आणि गाडी पुढील वाहनांवर जाऊन आदळते.

८. सुधारणेचे प्रयत्न

२०१६ पासून महामंडळ, महामार्ग पोलीस आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन या मार्गावरील मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. प्रत्येक अपघाताची कारणे तपासून धोक्याच्या जागा शोधण्यात आल्या. कठडे बसवले गेले, दरडींवर पोलादी जाळ्या ठोकण्यात आल्या. पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या शंभराच्या खाली आली. शून्यापासून ती अद्याप दूर असली, तरी अपघात हा दैवाचा खेळ नसून तो टाळता येतो, हे यातून सिद्ध झाले. २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने नियमभंग टिपून दंड आकारण्याची व्यवस्थाही सुरू झाली.

घाटातील कोंडी हा प्रश्न मात्र या मार्गालाही चुकला नाही. आडोशी बोगदा ते खंडाळा या टप्प्यात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. दोन रस्त्यांची वाहने एकाच रस्त्यावर आल्याने तेथे कोंडी होते. याच भागातील 'अमृतांजन पूल' या नावाने ओळखला जाणारा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहतुकीस अडथळा होत असल्याने एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पाडण्यात आला. हा टप्पा टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा १३.३ किलोमीटरचा नवा जोडमार्ग आखण्यात आला व २०१९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. 'मिसिंग लिंक' या नावाने तो ओळखला जातो. त्यात दोन बोगदे आणि दरीवरील उंच पूल असून, त्यांपैकी एक बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीचा आहे. या आखणीने सुमारे सहा किलोमीटर अंतर कमी होते आणि घाटाची वळणे टळतात.

लमाणांच्या तांड्यापासून नऊ किलोमीटरच्या बोगद्यापर्यंत प्रत्येक पिढीने बोरघाटाचा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. प्रत्येक वेळी वाहतूक वाढली आणि पूर्वीची वाट अपुरी पडली. म्हणून रस्त्याचे मूल्यमापन केवळ वेगावरून करणे पुरेसे नाही. तो किती जणांना सुखरूप पोहोचवतो, त्याचा भार कोणावर पडतो आणि लाभ कोणाकोणाला मिळतो, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. रस्ता शासन बांधते. तो सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र चालक, प्रवासी आणि शासन या सर्वांची असते.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) द्रुतगती मार्गावर चौक व सिग्नल का नसतात?
(आ) उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे धोक्याचे का आहे?

शब्दार्थ
दळणवळण – माणसांची व मालाची ये-जा
पथकर – रस्ता वापरण्याबद्दल द्यावा लागणारा कर, टोल
दुभाजक – रस्त्याचे दोन भाग करणारा कठडा किंवा पट्टा
मार्गिका – वाहनांच्या एका रांगेसाठी आखलेला रस्त्याचा पट्टा
तडीस नेणे – पूर्णत्वास नेणे
साहाय्यभूत – मदत करणारे

स्वाध्याय
१. बोरघाटातील दळणवळणाचे टप्पे कालक्रमानुसार लिहा.
२. काँक्रीटच्या रस्त्याचे गुण व मर्यादा स्पष्ट करा.
३. 'बांधकामाचा खर्च वसूल झाल्यावर पथकर बंद व्हावा.' या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध आठ-दहा ओळी लिहा.
४. आपल्या गावाजवळील किंवा शहरातील एखाद्या रस्त्याची माहिती वडीलधाऱ्या व्यक्तींना विचारून मिळवा. तो होण्यापूर्वी लोक कसे प्रवास करत, त्याने कोणाचा लाभ झाला आणि कोणाची गैरसोय झाली, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) १८३० (आ) अ‍ॅलिस ट्रेडवेल
२. (अ) इतर रस्ते या मार्गाच्या वरून किंवा खालून जातात, त्याला छेद देत नाहीत, म्हणून. (आ) इंजिनाचा अटकाव न राहिल्याने सगळा भार ब्रेकवर येऊन ते निकामी होतात, म्हणून.